उशाशी

अण्णांचा शेवटचा हिवाळा मी गावच्या घरी काढला. रात्री दोनच्या सुमारास त्यांना खोकल्याची उबळ यायची. ती निवली की उशांना टेकून बसल्या बसल्याच ते डोळे मिटायचे, आणि माझी झोप मात्र उडालेली असायची. पाचला दूधवाला येईपर्यंतचा वेळ माझा. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर, अंगणात मधूनच गुरगुरणारं कुत्रं आणि अण्णांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेला टेबलावरचा दिवा. त्या उजेडात मी एक पुस्तक वाचलं. रात्रीला चार-पाच पानं, त्याहून जास्त नाही.

पुस्तक भाच्यानं अमेरिकेहून आणलेलं. ‘पॉस्थ्युमस कीट्स’, म्हणजे मरणोत्तर कीट्स. इंग्रज कवी जॉन कीट्सवरचं. लेखक स्टॅन्ली प्लमली, साल २००८. मुखपृष्ठावर नावाखाली लिहिलेलं होतं : एक व्यक्तिगत चरित्र. हे शब्द मला खटकले. चरित्र दुसऱ्याचं असतं, मग ते व्यक्तिगत कसं? मी एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी समीक्षेचा पहिला धडा हा होता, की कविता वाचताना कवीचं आयुष्य बाजूला ठेवायचं आणि स्वतःचं तर दाराबाहेरच. मी तो धडा पाळला, मुलांनाही दिला. कीट्सची ओड, म्हणजे संबोधनपर कविता, शिकवताना त्याच्या क्षयाबद्दल दोन वाक्यं सांगायची आणि प्रतिमांकडे वळायचं. परीक्षेत प्रतिमांवरच प्रश्न यायचा.

प्लमली स्वतः कवी. १९३९ साली ओहायोतल्या बार्न्सव्हिलमध्ये जन्मलेला, ओहायो आणि व्हर्जिनियाच्या शेती-लाकूडतोडीच्या मुलुखात वाढलेला. वडील दारूच्या आहारी गेलेले; छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. प्लमलीच्या कवितेतून हा बाप कधीच उठून गेला नाही. एका कवितेत तो व्हायोलिन खांद्याला लावून वाजवतो आणि खोलीभर बसलेली दुःखी नातेवाईक मंडळी ऐकत राहतात. पुढे प्लमली मेरीलँड विद्यापीठात शिकवू लागला, त्या राज्याचा राजकवी झाला. पण कीट्सचा त्याचा ध्यास चरित्रापेक्षा पुष्कळ जुना. १९८३ च्या त्याच्या संग्रहात याच नावाची एक कविता आहे. कीट्स आणि त्याचा मित्र जोसेफ सेव्हर्न नेपल्सहून रोमला छोट्या घोडागाडीतून निघालेत, रस्ता खडबडीत आहे, सेव्हर्न गाडीशेजारून पायी चालतो आहे आणि रानफुलं तोडून गाडीत भरतो आहे. आत आजारी माणूस फुलांत बसला आहे. या एका प्रसंगापासून चरित्रापर्यंत यायला प्लमलीला पंचवीस वर्षं लागली.

हे चरित्र जन्मापासून सुरू होत नाही, सरळ पुढेही जात नाही. ते कीट्सच्या शेवटच्या दीड वर्षाभोवती फिरत राहतं आणि तिथून मागेपुढे जातं. एकच पत्र तीनदा येतं, एकच खोली पुन्हा पुन्हा उघडते. सनावळीच्या क्रमानं कीट्स समजून घ्यायचा असेल त्यानं दुसरं चरित्र आधी वाचावं, इथे तो गोंधळेल. पण मी त्या रात्री ज्या खोलीत बसले होते तिथे वेळ असाच फिरत होता. खोकला, उबळ, औषध, डुलकी, पुन्हा खोकला. मला त्या पुस्तकाची चाल लगेच ओळखीची वाटली.

एका रात्री पान उलटल्याचा आवाज झाला आणि अण्णांनी डोळे उघडले.

“काय वाचतीस गं एवढं?”

“एका इंग्रज कवीची गोष्ट आहे अण्णा. पंचविसाव्या वर्षी गेला. क्षयानं.”

“औषध नव्हतं तेव्हा.”

“नव्हतं. उलट रक्त काढायचे. उपाशी ठेवायचे.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, “जवळ कोण होतं?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विद्यार्थ्यांनी नाही, परीक्षकांनी नाही, मी स्वतःही नाही. आणि प्लमलीचं सगळं पुस्तक म्हणजे जवळजवळ या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे.

जवळ सेव्हर्न होता. सव्वीस वर्षांचा तरुण चित्रकार, कीट्सचा सगळ्यात जिवलग मित्र म्हणावा असाही नव्हे. दुसरं कुणी तयार होईना म्हणून ऐनवेळी निघालेला. सप्टेंबर १८२० मध्ये ‘मारिया क्राउदर’ नावाच्या लहानशा जहाजात दोघं बसले. नेपल्सच्या बंदरात दहा दिवस विलगीकरणात अडकून पडले. १५ नोव्हेंबरला रोमला पोचले आणि पिआत्सा दी स्पान्याच्या पायऱ्यांलगतच्या घरात राहिले. ३० नोव्हेंबरला कीट्सनं आपल्या मित्राला, चार्ल्स ब्राउनला, शेवटचं पत्र लिहिलं. आपलं खरं आयुष्य होऊन गेलं आहे, आता आपण मरणोत्तर अस्तित्व जगतो आहोत, असं त्यात आहे. पुस्तकाचं नाव तिथून आलं. त्यानंतर त्यानं कुणालाही पत्र लिहिलं नाही, आणि फॅनी ब्रॉनची, त्याच्या वाग्दत्त वधूची, आलेली पत्रं उघडलीही नाहीत. ती तशीच त्याच्याबरोबर पुरली.

मग डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. डॉक्टर क्लार्कला आधी वाटलं, दुखणं पोटाचं आहे. दिवसाला एक छोटा मासा आणि पावाचा तुकडा एवढंच खायला. कीट्स भुकेनं कळवळायचा. तो स्वतः गायज् हॉस्पिटलमध्ये शिकलेला, परवाना मिळालेला औषधवैद्य. धाकटा भाऊ टॉम त्याच्या डोळ्यांसमोर क्षयानं गेलेला. पुढचं प्रत्येक पाऊल त्याला आधीच माहीत होतं. वेदना सहन होईनाशा झाल्या तर म्हणून त्यानं अफूच्या अर्काची बाटली बरोबर घेतली होती, ती तो मागू लागला. सेव्हर्ननं दिली नाही. शेवटी डॉक्टरांकडे सोपवली. त्याबद्दल कीट्स त्याच्यावर किती चिडला असेल! आणि नंतर पुन्हा शांत झाला, कारण घरात दुसरं होतंच कोण? सेव्हर्न स्वयंपाक करायचा, चूल पेटवायचा, कपडे धुवायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा, भाड्यानं आणलेल्या पियानोवर संगीतकार हायडनच्या रचना वाजवायचा. हायडन लहान मुलासारखा आहे, पुढच्या क्षणी काय करील सांगता येत नाही, असं कीट्स म्हणाला होता.

रात्री मेणबत्ती विझायची आणि दमलेल्या सेव्हर्नचा डोळा लागलेला असायचा. अंधारात जागं होणं कीट्सला सोसत नसे. म्हणून सेव्हर्ननं एका मेणबत्तीच्या बुडापासून दुसरीच्या वातीपर्यंत दोरा बांधून ठेवला. पहिली संपत आली की दोरा पेटावा आणि दुसरी आपोआप लागावी. हे त्यानं कीट्सला सांगितलं नव्हतं. जमेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. पहिली विझायला आली तेव्हा कीट्स जागाच होता, आणि दुसरी लागताच तो सेव्हर्नला हाक मारून सांगू लागला, की परीनं येऊन दिवा लावला.

हे मी अण्णांना सांगितलं. “हुशार पोरगा,” अण्णा म्हणाले. दम लागत होता, तरी ते हसले.

२८ जानेवारी १८२१. पहाटेचे तीन. जागं राहण्यासाठी सेव्हर्ननं कागद घेतला आणि झोपलेल्या कीट्सचं चित्र काढलं. उशीवर कललेलं डोकं, घामानं कपाळाला चिकटलेले केस, मागे काळी सावली. खाली त्यानं लिहिलं, की जागं राहावं म्हणून काढलं. रात्रभर याला मरणाचा घाम सुटला होता. प्लमलीनं कीट्सच्या चित्रांवर पुष्कळ लिहिलं आहे, पण या चित्रापाशी तो जसा थांबतो तसा दुसरीकडे थांबत नाही. मला ते चित्र आधीपासून ठाऊक होतं. पाठ्यपुस्तकात होतं. मुलांना मी ते दाखवलंही होतं. पण ते कशासाठी काढलं हे मला ठाऊक असूनही कळलं नव्हतं. झोप लागली तर त्या वेळात माणूस जाईल, ही भीती त्या रेघांमध्ये आहे. अण्णांचा श्वास दोन सेकंद थांबल्यासारखा वाटला की माझा हात पुस्तकावरून उठायचा. ते कळायला मला साठी ओलांडावी लागली.

२३ फेब्रुवारीला कीट्स गेला. सेव्हर्ननं नोंदवलेले त्याचे शेवटचे शब्द साधे आहेत. मला उचलून धर, मी जातो आहे, सुखानं जाईन, तू घाबरू नकोस. म्हणजे मरणारा उशाशी बसलेल्याला धीर देतो आहे.

इथे मला कीट्सबद्दल एक गोष्ट सुचली. ती प्लमलीनं सांगितलेली नाही. त्याच्या पुस्तकानं मला जिथे बसवलं तिथून ती दिसली, म्हणून लिहिते. कीट्सचं एक पत्र साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावं लागतं. २७ ऑक्टोबर १८१८, रिचर्ड वुडहाउसला लिहिलेलं. कवीला स्वतःची अशी ओळख नसते, तो रंग बदलणाऱ्या सरड्यासारखा दुसऱ्यात शिरतो, खोलीत माणसं असली की त्यांची अस्तित्वं आपल्यावर दाबत येतात आणि थोड्याच वेळात आपण उरत नाही. हे मी फळ्यावर लिहून शिकवलं. काव्यशास्त्रातला सिद्धांत म्हणून. पण त्या ऑक्टोबरात कीट्स कुठे होता? हॅम्पस्टेडला, टॉमच्या उशाशी. पाच आठवडे आधी त्यानं दुसऱ्या एका मित्राला लिहिलं होतं, की टॉमचं अस्तित्व दिवसभर माझ्यावर इतकं दाबत येतं की मला बाहेर पडावं लागतं. शब्द तोच, ‘आयडेंटिटी’. क्रियापदही तेच, दाबत येणं. १ डिसेंबरला टॉम गेला, एकोणीस वर्षांचा.

ज्याला आम्ही कवीच्या व्यक्तित्वलोपाचा सिद्धांत म्हणतो, तो आजाऱ्याच्या खोलीत तयार झाला होता. शुश्रूषा केलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. आपली भूक, आपली झोप, आपलं नाव हळूहळू बाजूला होतं आणि दुसऱ्याचा श्वास आपल्या छातीत चालू राहतो. मी बाजूला ठेवायला शिकवत आले ते कवीचं आयुष्य या सिद्धांताच्या मुळाशी होतं.

अण्णांनी मग मागणीच केली. “त्यानं लिहिलेलं काहीतरी वाच.” मी ‘टू ऑटम’ ही शरद ऋतूवरची त्याची कविता काढली. विंचेस्टर, १९ सप्टेंबर १८१९. इंग्रजी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. अण्णा प्राथमिक शिक्षक, पण घर शेतकऱ्याचं. पहिल्या कडव्यातली धुकी आणि सफरचंदं त्यांनी नुसती ऐकून घेतली. दुसऱ्या कडव्यात ऋतू बाईच्या रूपात खळ्यावर बसलेली आहे आणि धान्यातला भुसा उडवणाऱ्या वाऱ्यानं तिचे केस हलतायत, असं मी सांगितलं.

“उफणणी चाललीय,” अण्णा म्हणाले.

मग अर्धवट कापलेल्या सरीत झोप लागलेली ती. मग, कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं वेचून, डोक्यावर ओझं तोलत ओढा ओलांडणारी ती.

“सरवा,” अण्णा म्हणाले. “सरवा वेचून निघालीय. माझी आई वेचायची. दुसऱ्याच्या रानात.”

आजीबद्दल हे मला माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं मी त्या ओळीपाशी ‘धान्य वेचणारी स्त्री’ असं समासात लिहीत आले होते. सरवा हा शब्द माझ्या घरात होता आणि मी शब्दकोशात शोधत होते.

त्या कडव्याच्या शेवटी ती बाई रसाच्या चरकापाशी बसली आहे आणि धीरानं, तासन् तास, शेवटचे थेंब ठिबकताना बघते आहे. गुऱ्हाळ अण्णांना समजावून द्यावं लागलं नाही. मी मात्र त्या ओळीवर अडखळले. त्या दिवशी दुपारीच त्यांना सलाईन लावलं होतं आणि मी तीन तास थेंब बघत बसले होते. टॉमला जाऊन नऊ महिने झालेले असताना एक तेवीस वर्षांचा माणूस ही ओळ लिहितो. साऱ्या कवितेत ‘मी’ एकदाही येत नाही. आणि तरीही तासन् तास बघत बसणं म्हणजे काय हे ज्यानं अनुभवलं आहे, त्याच्याच हातून ती ओळ उतरते, असं मला आता वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही. मला ते करायचंही नाही.

आपल्याकडे बालकवी ठोंबऱ्यांचं नाव कीट्सच्या शेजारी अनेकदा घेतलं जातं. जवळजवळ तेवढंच वय, निसर्ग, आणि आत खोल कुठेतरी उदासी. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रुळांवर त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस. तिथे उशाशी बसायला कुणी नव्हतं, आणि वेळही नव्हता. पण ‘स्मृतिचित्रे’ मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या घरात राहिलेल्या या ठोंबऱ्यांबद्दल जे लिहून ठेवलं आहे त्यात रुसणारा, हट्टी, माया लावणारा मुलगा आहे. कवीला घरात जेवू घातलेल्या बाईनं लिहिलेलं ते आहे. आपण ते वाचून हळहळतो आणि ‘औदुंबर’ शिकवताना ते पुस्तक बाजूला ठेवतो. मीही ठेवलं.

अण्णा संक्रांतीनंतर गेले. वर्षभरानं मी प्लमलीची पुढची दोन गद्य पुस्तकं मागवली.

‘द इम्मॉर्टल इव्हनिंग’ २०१४ चं. २८ डिसेंबर १८१७ ची संध्याकाळ, लंडनला चित्रकार हेडनच्या चित्रशाळेत जेवण. कवी वर्ड्‌स्वर्थ, निबंधकार चार्ल्स लॅम, कीट्स, आणि भिंतीवर हेडनचं अवाढव्य अपुरं चित्र, ख्रिस्ताचा जेरुसलेममध्ये प्रवेश. त्या चित्रातल्या गर्दीत हेडननं वर्ड्‌स्वर्थ आणि कीट्स यांचे चेहरे घातलेले. आफ्रिकेला निघालेला जोसेफ रिची नावाचा प्रवासीही आलेला. माझं ‘एन्डिमियन’ हे काव्य बरोबर ने आणि सहारात फेकून दे, असं कीट्स त्याला म्हणाला. लॅमला चढली आणि त्यानं आलेल्या एका सरकारी अंमलदाराची बालगीत म्हणत यथेच्छ थट्टा केली. इंग्रजी साहित्यात ही संध्याकाळ हसऱ्या किश्श्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्लमली त्या टेबलापाशी बसतो आणि प्रत्येकाच्या मागेपुढे काय होतं ते बघत जातो. रिची दोन वर्षांच्या आत आफ्रिकेच्या वाळवंटात मेला. हेडननं १८४६ मध्ये स्वतःचा जीव घेतला. आणि लॅम? त्याच्या बहिणीनं, मेरीनं, १७९६ मध्ये वेडाच्या भरात आईला मारलं होतं. तेव्हा बावीसही पूर्ण न झालेल्या भावानं तिची जबाबदारी पत्करली आणि स्वतःच्या मरणापर्यंत, १८३४ पर्यंत, तिला सांभाळलं. लग्न केलं नाही. झटका येणार असं वाटलं की दोघं हातात हात घालून इस्पितळाकडे चालत जायची. त्या संध्याकाळी टेबलावर सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस तो होता. हे वाचल्यावर मला त्याचं हसणं ऐकू येऊ लागलं, आधी कधी आलं नव्हतं.

हेडनचं ते प्रचंड चित्र फिरत फिरत अमेरिकेत आलं आणि आज ओहायोत, सिनसिनाटीच्या, पाद्री घडवणाऱ्या एका शिक्षणसंस्थेत आहे. प्लमलीच्याच राज्यात.

तिसरं पुस्तक २०१८ चं, कॉन्स्टेबल आणि टर्नर या चित्रकारांवर. ते मला पहिल्या दोघांइतकं जवळचं वाटलं नाही. चित्रं समोर नसताना चित्रांबद्दल वाचणं अवघड जातं. पण बायको मारिया क्षयानं गेल्यावर सात मुलांच्या बापानं, कॉन्स्टेबलनं, रंगवलेल्या पडक्या गढीबद्दल तो लिहितो, त्या आकाशाबद्दल लिहितो, ती पानं मी परत परत वाचते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, प्लमली कर्करोगानं गेला. हे पुस्तक आजारपणात लिहिलं की आधी, याचा शोध मी घेतला नाही. ते वाचताना मला कुणाच्या तरी उशाशी बसल्यासारखं वाटलं, एवढं खरं.

रोममधल्या त्या खोलीतलं सगळं सामान कीट्सच्या मृत्यूनंतर जाळून टाकलं. क्षयाच्या भीतीनं तिथला कायदाच तसा होता. पलंग, गादी, पडदे, काही उरलं नाही. पण छत राहिलं. लाकडी चौकटींमध्ये कोरलेली, रंगवलेली पांढरी फुलं. शेवटचे आठवडे तो उताणा पडून तीच फुलं बघत होता, आणि आपल्या अंगावर फुलं उगवू लागल्यासारखी वाटतात, असं सेव्हर्नला म्हणाला होता. आज तिथे जाणारा माणूस तेच छत बघतो.

अण्णांच्या खोलीला कौलं आहेत, आणि पलंगाच्या बरोबर वर एक काचेचं कौल. सकाळी सातच्या पुढे त्यातून उजेडाचा चौकोन त्यांच्या पायांशी पडायचा आणि सरकत सरकत छातीपर्यंत यायचा. पलंग आम्ही देऊन टाकला. परवा गावी गेले होते तेव्हा दार उघडून बघितलं. चौकोन रिकाम्या फरशीवर पडला होता, आणि मी खुर्ची ओढून तिथे बसले, तो भिंतीपाशी जाईपर्यंत.